डोंगराचे दोन्ही कान

त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळं गाव त्यांना स्थिरराव म्हणायचं. पस्तीस वर्षं त्यांनी पासपोर्ट फोटो काढले आणि प्रत्येक वेळी, समोर कोणीही बसलेलं असो, बटण दाबण्याआधी तोंडातून एकच शब्द काढला, "स्थिर." तो अशा आवाजात यायचा की समोरचा माणूस श्वाससुद्धा परवानगीने घ्यायचा. एकदा स्टुडिओच्या भिंतीवर पाल फिरत होती, तीही जागच्या जागी थांबली आणि गिऱ्हाईक घरी गेल्यावरच हलली, असं स्थिरराव स्वतः सांगायचे. त्यात थोडी भर असेल, पण फार नसावी.

स्टुडिओ एका जिन्याखाली होता. बाहेर काउंटर, आत पडदा ओढला की खोली. खोलीत गोल फिरणारं स्टूल, भिंतीवर पांढरीशुभ्र चादर, खिळ्याला दोरीने बांधलेला कंगवा आणि खुंटीवर कोट. हा कोट फक्त पुढून होता. त्याला पाठ नव्हती, चार नाड्या होत्या. गिऱ्हाइकाने दोन्ही हात पुढे करून आत शिरायचं आणि स्थिररावांनी मागून गाठी मारायच्या. टाय कोटालाच शिवलेला. बँकेचे मॅनेजर, पोस्टमास्तर, दोन डॉक्टर आणि परदेशी गेलेली झाडून सगळी मुलं या एकाच कोटात जगापुढे उभी राहिली होती. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा स्थिररावांनी कोटाचाच एक फोटो काढून ठेवला आणि तो लोकांच्या हनुवटीखाली चिकटवायला सुरुवात केली. मग हळूहळू हात सुटत गेला. विस्कटलेले केस बसवून मिळू लागले, मागचं कपाट पुसून मिळू लागलं, आणि एका झोपाळू कारकुनाचे मिटलेले डोळे तर त्याच्या सख्ख्या भावाच्या फोटोतले आणून उघडून देण्यात आले. ही कीर्ती पुढे त्यांच्याच अंगाशी येणार होती, पण ते नंतर.

कामाचे नियम मात्र पक्के. चौकटीचे चार भाग केले तर तीन चेहऱ्याला, उरलेला एक बाकीच्या सगळ्या जगाला. ओठ मिटलेले, डोळे उघडे, मान सरळ, चष्मा खाली, आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. कानांच्या बाबतीत ते कुणाचंही ऐकत नसत. गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी सरळ करायला ते इतके जवळ वाकायचे की त्यांचा स्वतःचा उजवा कान, पाळीवर मसुराएवढा तीळ असलेला, समोरच्याच्या डोळ्यांपुढे यायचा. गावात असा माणूस नव्हता ज्याने तो कान वीतभर अंतरावरून पाहिला नव्हता.

त्यांच्या बायकोला गाव बाई म्हणायचं. त्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या शाळेत तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर ती दोन खडूंत असा धबधबा काढायची की पहिल्या बाकावरची मुलं दप्तरं मागे घ्यायची. घळई, खिंड, भूशिर, पठार, सगळं तिला हाताच्या रेषांसारखं पाठ, आणि यातलं एकही तिने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. सुट्टी लागली की पेपर तपासायला यायचे. पेपर संपले की सासूबाईंचं आजारपण. सासूबाई बऱ्या झाल्या की स्टुडिओ, कारण फॉर्म भरायची शेवटची तारीख नेहमी उद्या असते आणि लोकांना कान आजच दाखवायचे असतात. असं करता करता बाई निवृत्त झाली. एकतीस वर्षांत जमिनीचं सर्वांत उंच रूप तिने पाहिलं ते म्हणजे शाळेची गच्ची.

निवृत्तीनंतर वर्षभराने शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. त्या बाईच्याच विद्यार्थिनी. सातवीत खाडी आणि आखात यांत त्यांचा गोंधळ व्हायचा, तो अजून होत असावा, कारण बाईसमोर बसल्यावर त्या समुद्राचा विषय टाळायच्या. शाळेत भूगोलाची नवी खोली बांधून झाली होती आणि दारावर बाईचं नाव लागणार होतं. आतल्या मोठ्या भिंतीवर आठ चौकटी ठोकल्या होत्या, खाली पाट्याही रंगवून तयार होत्या: धबधबा, घळई, खिंड, सरोवर, भूशिर, पुळण, नागमोडी वळण, पठार. चौकटी रिकाम्या होत्या. पुस्तकातली चित्रं मुलं पाहतात आणि पान उलटतात, मुख्याध्यापिका म्हणाल्या. पण आपल्या गल्लीतल्या बाई स्वतः तिथे उभ्या आहेत असं दिसलं, तर त्यांना पटेल की या वस्तू परीक्षेच्या बाहेरही असतात.

बाई चष्मा काढून पदराने पुसत राहिली. स्थिररावांनी पस्तीस वर्षांत हजारो चेहरे पाहिले होते. ओठ मिटलेले असताना आतून काय चाललंय हे त्यांना कळायचं. ते म्हणाले, "फोटो मी काढणार."

इथे ती कीर्ती अंगाशी आली. मुख्याध्यापिका खुर्चीत चुळबुळल्या. त्यांच्या स्वतःच्या नोकरीच्या अर्जावर तोच कोट होता. त्यांनी फार आडवळणाने सुचवलं की काकांनी काढलेला फोटो म्हटला की मुलं, आणि मुलांपेक्षा मुलांचे पालक, म्हणतील की बाई घरीच होत्या आणि मागे डोंगर चिकटवलाय. म्हणून हे फोटो सेल्फी असावेत. काकाही त्यात असावेत. काढणारा स्वतःच आत असला म्हणजे कुणाला शंका येत नाही.

हा तर्क कितपत टिकाऊ होता ते सोडा. स्थिररावांना तो अपमान वाटला नाही, आव्हान वाटलं. खोलीचं उद्घाटन अडीच महिन्यांवर होतं. गावातल्याच एका सहल कंपनीची बस नऊ दिवसांत समुद्रापासून डोंगरापर्यंत फिरवून आणायची. दोन जागा घेतल्या, स्टुडिओला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुलूप लागलं आणि पाटीवर कागद चिकटला: 'मालक भूगोलाला गेले आहेत.'

सहल उत्तम झाली. आठही ठिकाणांहून बाईचा पाय निघेना. धबधब्यापाशी तर ती इतका वेळ वर पाहत राहिली की सहलीच्या गाईडने तिला पाण्याची बाटली आणून दिली. प्रत्येक ठिकाणी शेवटी स्थिरराव शेजारी उभे राहायचे, फोन पुढे धरायचे आणि म्हणायचे, "अगं, चष्मा काढ. मान सरळ." बाई चष्मा काढायची. चष्म्याशिवाय तिला वीतभरापलीकडचं दिसत नव्हतं, त्यामुळे फोनमध्ये काय दिसतंय हेही दिसत नव्हतं. "स्थिर," स्थिरराव म्हणायचे, बटण दाबायचे, आणि एक ठिकाण झालं.

परत आल्यावर त्यांनी आठही फोटो मोठ्या आकारात छापले आणि मुख्याध्यापिकांना बोलावून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले.

मुख्याध्यापिकांनी पहिला पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग पुन्हा पहिला. आठही फोटोंत स्थिरराव आणि बाई होते, गळ्यापासून वर, ओठ मिटलेले, माना सरळ, चारही कान शाबूत. दोन डोक्यांच्या मध्ये करंगळी जाईल एवढी फट होती. त्या फटीत काही फोटोंत निळं होतं, काहींत हिरवट. घळई आणि भूशिर यांत फरक एवढाच होता की भूशिरावर स्थिररावांनी शर्ट बदलला होता.

"छान आलेत दोघं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांना खरंच काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मग पहिल्या फोटोवर बोट ठेवून त्या आशेने म्हणाल्या, "मागे हे पांढरं दिसतंय, तोच धबधबा ना?"

"नाही," स्थिरराव म्हणाले. "ती चादर."

बाईने सावकाश चष्मा लावला.

झालं होतं असं की धबधब्यासमोर उभं राहिल्यावर स्थिररावांना मागचं पाणी सारखं हलताना दिसत होतं. त्यांनी त्याला दोनदा "स्थिर" म्हणून पाहिलं. पाणी ऐकेना. तेव्हा सवयीने त्यांचा हात पिशवीत गेला, स्टुडिओतून बरोबर घेतलेली चादर बाहेर आली, आणि बसमधल्या दोन सज्जन प्रवाशांनी ती मागे ताणून धरली. आपण काही चूक करतोय असं त्यांच्या मनाला शिवलंही नाही. पार्श्वभूमीत हालचाल असली की फोटो परत येतो, आणि त्यांचा एकही फोटो आजवर परत आलेला नव्हता.

आता आठ आले.

बाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "एकतीस वर्षं मुलांना सांगितलं ते खरं निघालं, आणि मला दाखवता येत नाही." एवढं बोलून ती कुकर लावायला उठली. त्या दिवसापासून ती स्थिररावांशी फक्त भौगोलिक बोलू लागली. आज वारा पश्चिमेचा आहे, उद्या आर्द्रता वाढेल, अशी माहिती ताट वाढताना मिळायची. नवऱ्याने उत्तर द्यावं अशी काही सोय त्या वाक्यांत नसायची.

पाचव्या दिवशी स्थिरराव सहल कंपनीत जाऊन आले. तीच बस, तेच नऊ दिवस, उद्घाटनाच्या आठवडाभर आधी परत. मधे पाच आठवडे होते. एवढ्यात हाताचं वळण बदलायचं होतं.

सराव बेडरूममध्ये सुरू झाला. लोखंडी कपाट म्हणजे डोंगर असं ठरलं. कपाटाकडे पाठ करून उभं राहायचं, फोन पुढे धरायचा आणि अख्खं कपाट, वरच्या दोन सुटकेसींसह, चौकटीत आणायचं. पहिल्या दिवशी कपाटाची किल्ली आली. दुसऱ्या दिवशी मूठ. फोन हातात आला की स्थिररावांचं कोपर आपोआप वाकायचं आणि फोन चेहऱ्याकडे यायचा, जसा दमलेला बैल आपल्या गोठ्याकडे येतो. चेहऱ्याने तीन भाग भरले की हात थांबायचा. त्यात मन कुठे नव्हतंच. सेल्फीची काठी आणून पाहिली, तर ते काठी छातीशी कवटाळून उभे राहू लागले. गच्चीत पाण्याच्या टाकीवर प्रयोग केला. समोरच्या इमारतीतले लोक रोज संध्याकाळी बाल्कनीत खुर्च्या टाकून बसू लागले आणि टाकी किती आली ते तिथूनच विचारू लागले.

शेवटी बाईनेच उपाय काढला. तिच्याकडे शाळेची एक लाकडी मोजपट्टी होती, फळ्यावर रेघा मारायची, हातभर लांब. निरोप समारंभात शाळेने ती तिला भेट दिली होती. ती तिने नवऱ्याच्या उजव्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत लावली आणि जुन्या साडीच्या काठाने चार ठिकाणी करकचून बांधली. आता कोपर वाकायचा प्रश्नच नव्हता.

"दुखतंय का?" तिने विचारलं. चार आठवड्यांतलं हे पहिलं वाक्य ज्यात हवामान नव्हतं.

"नाही," स्थिरराव म्हणाले. मुंग्या येत होत्या, पण त्यांना ते वाक्य वाया घालवायचं नव्हतं.

त्या दिवशी कपाट अर्धं आलं. वरची एक सुटकेस आली. बाईने पोळीचा घास त्यांच्या तोंडात भरवला, कारण त्यांचा हात तोंडापर्यंत पोचत नव्हता, आणि घरातलं हवामान बदललं.

दुसऱ्या सहलीत स्थिरराव असे बसमध्ये चढले, उजवा हात रस्त्याच्या पाटीसारखा पुढे. लोकांनी हाड मोडलंय असं समजून खिडकीची जागा दिली. गाईड तोच होता. त्याने दोघांना ओळखलं, हाताकडे पाहिलं, आणि मागच्या वेळी पाय घसरलेलं आपल्याला कोणी सांगितलंच नाही म्हणून हळहळला. बाईने त्याला खरी गोष्ट सांगितली. त्यानंतर तो त्यांच्याशी फार जपून वागू लागला.

पहिलं ठिकाण धबधबा. चादर या वेळी घरी होती. स्थिरराव उभे राहिले, हात ताठ, फोन लांब. चौकटीत दोघांचे चेहरे अर्धे झाले आणि बाजूने पाण्याचा एक पट्टा दिसू लागला. पट्टा म्हणजे धबधबा नव्हे. नळ फुटल्यासारखं दिसत होतं. पाच पावलं पुढे गेले, दहा गेले, गुडघ्यात वाकले, कठड्याला टेकले. प्रत्येक वेळी त्यांचे डोळे चौकटीत चेहरा शोधायचे, चेहरा सापडला की त्यालाच मधे आणायचे, आणि धबधबा बिचारा पडद्याआडच्या नातेवाइकासारखा कडेने डोकावत राहायचा. तासभर झाला. बसचा हॉर्न वाजला. बाई म्हणाली राहू द्या, आणि तिने चष्मा लावून धबधब्याकडे पाठ फिरवली.

तेव्हा स्थिररावांच्या लक्षात आलं की आपण गिऱ्हाईकच चुकीचं धरलंय.

पस्तीस वर्षं त्यांच्यासमोर एका वेळी एकच माणूस बसत आला होता. इथेही एकच होता. तो मागे उभा होता, तीन मजले उंच, आणि अर्ज त्याचा होता. हे एकदा मनात आल्यावर पुढचं सगळं हातांनी केलं. चौकटीचे तीन भाग धबधब्याला. वरची कडा म्हणजे कपाळ, खालचा डोह म्हणजे हनुवटी. दोन्ही बाजूंना काळे खडक बाहेर आले होते, ते कान. स्थिरराव सरकत सरकत चौकटीच्या इतक्या कडेला गेले की त्यांचा फक्त उजवा कान आत उरला.

"अगं, तू मागे जा," ते म्हणाले.

"किती?"

"तो आला पाहिजे. जा तू."

बाई गेली. पायऱ्या उतरून, डोहाला वळसा घालून, खडकाजवळ जाऊन उभी राहिली. फोनवर ती ज्वारीच्या दाण्याएवढी दिसत होती. स्थिररावांनी धबधब्याकडे नीट पाहिलं. मान सरळ. दोन्ही कान दिसत होते. "स्थिर," ते म्हणाले, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाणी या वेळी थांबलं. फोटोत तरी ते थांबलेलंच आहे.

त्या क्षणापासून स्थिररावांना आवरणं कठीण झालं. घळईची मान जरा तिरकी होती, तर ते पाऊण तास नदीकाठाने चालून तिची समोरची बाजू शोधून आले. खिंडीच्या दोन सुळक्यांपैकी एकावर ढग होता, कान झाकलेला. ढग उतरेपर्यंत त्यांनी अख्खी बस थांबवून ठेवली आणि प्रवाशांना पटवून दिलं की असा फोटो कुठलंच ऑफिस घेणार नाही. दोन तरुण प्रवासी तर आपला फोटो काढण्याआधी त्यांना विचारून जाऊ लागले, की समोरच्या टेकडीची मान बरोबर आहे ना.

आणि बाई मागे मागे जात राहिली. सरोवराच्या पलीकडच्या काठावर ती गाईडच्या ओळखीच्या होडीतून गेली. भूशिराच्या टोकापर्यंत चालत गेली. हाक पोचेना तेव्हा तिने पर्समधून शाळेची शिट्टी काढून नवऱ्याला दिली. एक शिट्टी म्हणजे अजून मागे, दोन म्हणजे थांब. दुसरी शिट्टी फारशी वाजायची नाही. नागमोडी वळणाच्या वेळी ती नदीच्या तिसऱ्या वळणावर होती आणि फोनवर तिला शोधायला स्थिररावांना दोन बोटांनी चित्र मोठं करावं लागलं. पण ती होती. आणि चष्मा लावून होती, कारण आता चष्मा काढायला सांगणारा माणूस मैलभर लांब होता. त्यामुळे झालं असं की एकतीस वर्षं खडूने काढलेल्या त्या सगळ्या जागा बाईने आतून पाहिल्या, पायाखालून पाहिल्या, आणि संध्याकाळी बसमध्ये नवऱ्याच्या ताठ हातावर डोकं टेकून ती त्यांना सांगत राहायची की घळईतले दगड तळाशी किती गुळगुळीत आहेत, आणि खिंडीत वारा खरंच एकाच बाजूने येतो, पुस्तकात म्हटल्यासारखा.

शेवटचं ठिकाण पठार. पठाराला चेहरा म्हणून फारसा नसतो, सगळं कपाळच. स्थिरराव बराच वेळ कान शोधत होते. एक शिट्टी दिली. बाई मागे गेली. अजून एक दिली. पठार सपाट असतं, अडवायला काही नसतं, तिला जात राहायला काहीच हरकत नव्हती. अखेर दोन टोकांना दोन टेकाडं सापडली, मान जुळली, "स्थिर" झालं, बटण दाबलं गेलं. बाई परत यायला अर्धा तास लागला. कडेच्या पलीकडे उतारावर एक चहाची टपरी आहे, ती म्हणाली, आणि चहा बरा होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी स्थिरराव शाळेत खिळे आणि हातोडी घेऊन गेले. बाई पाट्या पुसत होती. सात फोटो लागले. आठवा हातात घेतल्यावर त्यांनी सवयीने भिंग काढलं, माणूस जागेवर आहे ना बघायला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फोटो उजेडात नेला, तिरका धरला, पुन्हा भिंग लावलं. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे.

"आठव्यात तू नाहीस," ते म्हणाले.

"माहीत आहे," बाई पाटी पुसत म्हणाली. "मी तेव्हा चहा पीत होते."

स्थिरराव स्टुलावर बसले. पस्तीस वर्षांत माणूस राहून गेलेला हा त्यांचा पहिलाच फोटो. ते म्हणाले कॉम्प्युटर आहे, सातव्यातली बाई उचलून आठव्यात ठेवतो, पाच मिनिटांचं काम आहे. बाईने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि शाळेतल्या आवाजात सांगितलं की तिच्या नावाच्या खोलीत कोणी कुणाला चिकटवणार नाही. मग चौकट रिकामी ठेवू, स्थिरराव म्हणाले. बाई म्हणाली, पठार आहे ना त्यात? मग लावा. त्यांनी लावला, पण खिळा ठोकताना हातोडी दोनदा बोटावर बसली.

दुसऱ्या दिवशी फीत कापून झाली, मुख्याध्यापिकांचं भाषण झालं, त्यात समुद्राचा उल्लेख आला नाही, आणि मुलं आत सोडली. स्थिरराव दाराच्या मागे उभे राहिले. हातावरची पट्टी सुटून पाच दिवस झाले होते, पण हात अजून पुरता वाकत नव्हता, आणि येणारी जाणारी माणसं तो हस्तांदोलनासाठी पुढे केलाय असं समजून हलवून जात होती.

मुलं भिंतीपुढे उभी राहिली. मग दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने पहिल्या फोटोच्या कडेकडे बोट दाखवून विचारलं, "ही गुहा का?"

फोटोच्या डाव्या कडेला, वरपासून अर्ध्यापर्यंत, एक मोठं गुलाबी तपकिरी वळणावळणाचं काहीतरी होतं. आत अंधार होता आणि तोंडाशी झुडपं. मुलं विचारात पडली. मग मागून आलेल्या एका पालकांनी, ज्यांचे स्वतःचे चार पासपोर्ट फोटो त्या स्टुडिओत निघाले होते, पाळीवरचा तीळ ओळखला. हा तर काकांचा कान, ते म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी माना डोलावल्या. फोटो खरे आहेत याबद्दल मग कुणाच्याच मनात काही उरलं नाही. खोटा फोटो करणारा माणूस त्यात एवढा कान कशाला घालेल?

"आणि बाई कुठे आहेत?" त्या मुलीने विचारलं.

इथून खरी गंमत सुरू झाली. मुलं नाकं काचेला लावून शोधू लागली. पहिल्यात त्या डोहाशी सापडल्या. दुसऱ्यात वेळ लागला. एकजण ओरडून सांगत होता की घळईच्या तोंडाशी नाही, आत बघा, जिथे दोन्ही भिंती जवळ येतात तिथे. दुसरी म्हणाली खिंडीत नाहीत त्या, खिंडीच्या अलीकडे, उताराला सावली पडलीय तिथे. नागमोडी वळणावर तर दोन गट पडले, पहिलं वळण की तिसरं, आणि नदी कुठून कुठे वाहते यावरून भांडण मिटवावं लागलं. एकतीस वर्षांत बाईला नकाशावर मुलांची नजर कधी पाच मिनिटं टिकवता आली नव्हती. आज घंटा होऊन गेली तरी कुणी हलेना. बाई मागच्या बाकावर बसून ते ऐकत होती. ओठ मिटलेले होते. स्थिररावांनी दाराआडून पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं.

मग मुलं आठव्यापाशी गेली.

सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. मुलांनी पठार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत विंचरून काढलं. इथे गवत आहे, इथे मुरूम आहे, इथे पाणी वाहून गेल्याची रेघ आहे, इथून पुढे कडा असणार कारण पलीकडचं काही दिसत नाही. बाई मात्र सापडेनात. कुणीतरी शंका काढली की कदाचित त्यात नसतीलच. स्थिररावांनी चप्पल पायात सरकवली.

"सापडल्या," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

तिचं बोट अगदी मागे, डाव्या टेकाडाच्या पायथ्याशी होतं. तिथे काहीतरी उभट, करडं उभं होतं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. हो, बाईच, एकजण म्हणाला, त्यांची साडी अशीच होती. त्या जरा जाड दिसतायत, दुसरी म्हणाली, पण लांबून तसं दिसतं. शेवटी निकाल द्यायला त्यांनी बाईलाच बोलावलं.

बाई उठली, चष्मा नीट केला, आणि बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. मग तिने एकदा दाराकडे, नवऱ्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "मीच."

सगळे पांगल्यावर स्थिरराव भिंग घेऊन आठव्या चौकटीपाशी गेले. तो एक दगड होता, कंबरेएवढा असेल. ते वाकून, बोटांनी हनुवटी सरळ करायला वाकायचे तसे, त्याच्या अगदी जवळ गेले. मग त्यांनी समाधानाने भिंग खिशात ठेवलं आणि बाईला हाक मारली, चल घरी. दगडाची मान सरळ होती, आणि दोन्ही कान दिसत होते.